मैदान असेल तसें

खेळांचा इतिहास म्हणून जो लिहिला जातो तो बहुधा खेळाडूंचा इतिहास असतो. कोणीं कोणास केव्हां जिंकलें, कोणाचा विक्रम किती वर्षें टिकला, हें सारें तपशीलवार नमूद होतें. परंतु ज्या भूमीवर हा पराक्रम घडला तिची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. बहुतेक खेळांच्या बाबतींत ती न केल्यानें फारसें बिघडतहि नाहीं. कुस्तीस आखाडा पुरतो, आट्यापाट्यांस चार रेघा ओढण्यापुरतें अंगण पुरतें, क्रिकेटास एक बेताचें मैदान पुरतें. गोल्फची गोष्ट मात्र निराळी आहे. काठीनें चेंडू टोलवीत टोलवीत दूरवरच्या एका लहानशा खळगींत घालावयाचा, मग तेथून पुढच्या खळगीकडे वळावयाचें, आणि अशा अठरा खळग्या शक्य तितक्या थोड्या टोल्यांत पुऱ्या करावयाच्या, एवढाच काय तो हा खेळ. पण तेवढ्यासाठीं सामान्यतः शंभर ते दीडशें एकर जमीन गुंतून पडते. 2021 सालच्या एका मोजणीप्रमाणें जगांत अशीं सुमारें 38 हजार मैदानें होतीं. तेव्हां हा खेळ भूमीशीं, पाण्याशीं व भोवतालच्या जीवसृष्टीशीं कसा वागतो, हा प्रश्न केवळ खेळणारांचा राहत नाहीं. ज्यांनीं जन्मांत कधीं त्या काठीला हात लावला नाहीं त्यांचाहि तो होतो.

ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं फार दूर जावयास नको. 1744 सालीं स्कॉटलंडांतील लीथ येथील खेळाडूंनीं ह्या खेळाचीं तेरा कलमें प्रथम लिहून काढलीं. तीं पुढें वाढत जाऊन त्यांचें जाडजूड पुस्तक झालें. तथापि त्या पुस्तकाच्या आरंभीं आजहि जें तत्त्व सांगितलेलें असतें तें फार साधें आहे. मैदान असेल तसें व चेंडू पडेल तेथून खेळावें, असा त्याचा आशय. ज्या खेळाचें मूळ तत्त्वच भूमि आहे तशी पतकरावी असें आहे, त्याच खेळानें पुढें भूमीचा रंग, पोत आणि उतार सर्वच बदलून टाकण्याचा अट्टाहास कां धरावा? आणि आज तो अट्टाहास सोडण्याची भाषा कां बोलली जात आहे? ह्या दोन प्रश्नांची संगति लावणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कोंकणांतील वाचकांस पुळण म्हणजे काय तें सांगावयास नको. समुद्र आणि माडांच्या वाड्या ह्यांच्या मध्यें जी वाळूची उंचसखल पट्टी असते, जींत धड पीक येत नाहीं आणि घरहि बांधवत नाहीं, तसलीच एक पट्टी स्कॉटलंडच्या किनाऱ्यालाहि आहे. तिला तिकडे लिंक्स म्हणतात. समुद्रानें वाळू टाकावी, वाऱ्यानें तिच्या टेकड्या रचाव्या, आणि त्यांवर बारीक पात्याचें चिवट गवत हळूहळू पसरावें, असा ह्या भूमीचा जन्म. हें फेस्क्यू जातीचें गवत मोठें काटकसरी असतें. त्याचीं मुळें खोल जातात, त्याला खत थोडें लागतें, आणि उन्हाळ्यांत पाऊस लांबला तर तें मरत नाहीं. नुसतें पिवळें पडून स्वस्थ राहतें व पाऊस येतांच पुन्हां डोकें वर काढतें. ससे त्याचे शेंडे कुरतडीत, मेंढ्या तें चरत, आणि त्यांच्याच लेंड्यांनीं त्यास खत मिळे. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्या टेकडीच्या कुशींत अंग घासून घासून जे खळगे पाडीत तेच पुढें गोल्फमधील वाळूचे अडथळे झाले, असें सांगतात. पाणी घालणारा कोणी नव्हता, कापणारा कोणी नव्हता, आखणाराहि कोणी नव्हता. मैदान आधीं तयार होतें. खेळ मागाहून आला.

हा खेळ किती जुना आहे तें त्याच्या बंदीवरून कळतें. 1457 सालीं स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स ह्याच्या पार्लमेंटानें चेंडूचे खेळ व गोल्फ ह्यांवर बंदी घातली, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून त्यांतच रमूं लागले होते. बंदी पाळली गेली नाहीं हें सांगणें नकोच. आमच्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा लेख म्हणजे 1552 सालची सेंट अँड्र्यूज गांवची सनद. तेथील आर्चबिशप जॉन हॅमिल्टन ह्यास लिंक्सवर ससे पाळावयाचे होते. गांवकऱ्यांनीं त्यास तशी मुभा दिली. पण त्याबरोबरच गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी इत्यादि खेळ खेळण्याचा, गुरें चारण्याचा व गवताचीं ढेंपें काढून नेण्याचा आपला हक्क लेखी मान्य करून घेतला. आपल्याकडील गायरानाची कल्पना ज्यांस आहे त्यांस ह्या सनदेचें मर्म चटकन् कळेल. गोल्फचें जगांतील सर्वांत प्रसिद्ध मैदान हें मूळचें एक गायरान होय. त्यावर धनिकाचा ससा, गरिबाची गाय आणि खेळणाराचा चेंडू ह्या तिघांनाहि वाव होता.

हा समतोल आपोआप टिकला असें मात्र कोणी समजूं नये. 1797 सालीं कर्जांत बुडालेल्या गांवच्या पंचांनीं ही भूमि हातची घालविली, आणि लवकरच ती डेंप्स्टर नांवाच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यांत गेली. त्यांनीं तेथें सशांची पैदास व्यापारी प्रमाणावर सुरू केली. सशांच्या बिळांनीं मैदान पोखरून निघालें. खेळाडू चिडले, गांवकरी ससे मारूं लागले, मारामाऱ्या झाल्या, आणि प्रकरण कोर्टांतून थेट लॉर्डांच्या सभेपर्यंत गेलें. सुमारें वीस वर्षें चाललेला हा तंटा 1821 सालीं जेम्स चीप नांवाच्या एका गोल्फप्रेमी जमीनदारानें ती भूमि विकत घेतली तेव्हां कोठें मिटला. म्हणजे जो ससा मर्यादेंत असतांना मैदानाचा माळी होता, तोच नफ्यासाठीं वाढवतांच मैदानाचा वैरी ठरला. पुढें 1894 सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें गांवानें आपली लिंक्स परत मिळविली, आणि 1974 पासून एका सार्वजनिक विश्वस्त मंडळाकडे तिची व्यवस्था आहे. रविवारीं, मोठ्या सामन्यांचे अपवाद सोडल्यास, तेथील जुन्या मैदानावर आजहि खेळ बंद असतो. त्या दिवशीं गांवकरी मुलांबाळांसह व कुत्र्यांसह तेथें मोकळे फिरतात.

मैदानाची स्थिति खरी पालटली ती एका झाडाच्या चिकामुळें. पूर्वीं गोल्फचा चेंडू चामड्याच्या पिशवींत पिसें ठासून बनवीत असत. कुशल कारागिराच्या हातून दिवसाकाठीं असे मोजकेच चेंडू होत. किंमत अर्थातच जबर, आणि पावसांत भिजला कीं तो उसवे. 1848 च्या सुमारास मलायांतील गटापर्चा नांवाच्या झाडाच्या चिकापासून चेंडू होऊं लागले. ते स्वस्त होते व टिकाऊ होते. (ह्याच चिकासाठीं, विशेषतः समुद्राखालील तारायंत्राच्या दोरांवर त्याचें वेष्टण घालण्यासाठीं, मलायांतील हीं झाडें पुढें लाखांनीं तोडलीं गेलीं, हीहि गोष्ट लक्ष्यांत ठेवण्यासारखी आहे.) चेंडू स्वस्त झाला, खेळणारे वाढले, 1852 सालीं सेंट अँड्र्यूजला आगगाडी पोंचली आणि बाहेरगांवचे लोकहि लोटूं लागले. जी भूमि शेंदोनशें पावलें सहज सोसत होती तिच्यावर आतां हजारों पावलें पडूं लागलीं. गवत झिजलें, खळग्यांच्या भोंवतालची जागा उखणून निघाली, आणि इतिहासांत प्रथमच मैदानास राखणदाराची गरज भासली.

त्या राखणदाराचें नांव टॉम मॉरिस. हा 1821 सालीं सेंट अँड्र्यूज येथेंच जन्मला, प्रेस्टविक येथें कांहीं वर्षें मैदान सांभाळून 1864 सालीं परत गांवीं नेमला गेला, आणि 1903 पर्यंत त्या कामावर राहिला. नेमणुकीच्या वेळीं त्याच्या स्वाधीन काय केलें? एक हातगाडी, एक कुदळ आणि एक फावडें. शिवाय जड कामासाठीं आठवड्यांतून दोन दिवस एक गडी. एवढ्या सामग्रीवर त्यानें जगांतील पहिल्या प्रतीचें मैदान राखलें. त्याची युक्ति एकच होती: वाळू. एकदां त्याच्या हातून वाळूची गाडी चुकून हिरवळीवर सांडली, आणि कांहीं दिवसांनीं नेमकें तेथलेंच गवत सर्वांत चांगलें फुटलें, अशी कथा आहे. कथा खरी असो वा नसो, ती पद्धति खरी आहे. आणखी वाळू, आणखी वाळू, असा त्याचा आपल्या मदतनिसापाशीं नित्याचा घोष असे. वाळूनें पाणी झिरपतें, मुळें खोल जातात, आणि आळशी रुंदपात्या गवताला थारा मिळत नाहीं. त्याची दुसरी युक्ति विश्रांतीची. रविवारीं खेळूं द्यावें असा आग्रह धरणाऱ्यांस तो सांगे कीं, तुम्हांस विसावा नको असेल, पण मैदानास तो हवा आहे. शेत पड टाकण्याचें महत्त्व जाणणाऱ्या आमच्या शेतकऱ्यास हें बोलणें अगदीं घरचें वाटेल.

येथपर्यंत खेळ जन्मभूमींत होता. पण इंग्रज जेथें जेथें गेले तेथें तेथें त्यानेंहि बिऱ्हाड केलें. 1829 सालीं कलकत्त्यास गोल्फमंडळी स्थापन झाली. ब्रिटिश बेटांबाहेरची ती सर्वांत जुनी समजतात. मुंबईसहि 1842 सालीं तशी मंडळी निघाली. परदेशांत समुद्रकांठची वाळू व तसलें गवत कोठून मिळणार? त्या पहिल्या पिढीनें शहाणपणाचा मार्ग काढला. जेथें गवत जगेना तेथें खळगीभोंवतीं वाळू पसरून, तींत थोडें तेल मिसळून, ती चोपून ते खेळूं लागले. हिंदुस्थानांत कित्येक ठिकाणीं हिरवळीऐवजीं अशा तपकिरी जागांवरच खेळ चाले, आणि त्यांस विनोदानें ‘ब्राउन’ म्हणत. मैदान असेल तसें खेळावें, हा नियम त्या लोकांनीं उन्हांत तापून, धूळ खाऊन पाळला.

परंतु एकोणिसाव्या शतकांतच दुसरी एक शक्ति तयार होत होती. 1830 सालीं एडविन बडिंग ह्या इंग्रज यंत्रकारानें गवत कापण्याचें यंत्र काढलें. त्यापाठोपाठ नळानें पाणी शिंपडण्याची सोय आली, कारखान्यांतील खतें आलीं, तण मारणारीं व कीड मारणारीं औषधें आलीं. 1920 सालीं अमेरिकेंतील गोल्फसंघानें केवळ मैदानांवरील गवताच्या अभ्यासासाठीं एक शाखा काढली. ह्या ज्ञानाची आम्ही निंदा करीत नाहीं. पुढें हा खेळ सुधारण्याच्या कामीं ह्याच ज्ञानाचा उपयोग झाला. पण आरंभीं त्यानें एक भूल पाडली. हवें तें गवत हव्या त्या जागीं उगवतां येतें असें दिसूं लागल्यावर, ह्या जागीं कोणतें गवत आपण होऊन उगवेल, हें विचारण्याची गरजच माणसास वाटेनाशी झाली.

ह्या भुलीचा इतिहास दोन माणसांच्या व दोन मैदानांच्या चरित्रांत स्पष्ट दिसतो. दोघेहि सेंट अँड्र्यूजचेच शिष्य. पहिला अॅलिस्टर मॅकेंझी. हा पेशानें वैद्य; बोअर युद्धांत शस्त्रवैद्य म्हणून गेला असतां बोअर लोक आपले खंदक भोंवतालच्या भूमीशीं कसे बेमालूम मिळवून टाकतात हें त्यानें पाहिलें, आणि पुढें मैदानें आखतांना, मनुष्याची कृति निसर्गांत ओळखूं येऊं नये, हें तत्त्व त्यानें त्यावरून उचललें. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानाची त्यानें इंच न् इंच मोजणी करून 1924 सालीं नकाशा प्रसिद्ध केला. बॉबी जोन्स ह्या नामांकित खेळाडूनें अमेरिकेंतील जॉर्जिया प्रांतांत, ऑगस्टा येथील एका जुन्या रोपवाटिकेच्या जागेंत मैदान करावयाचें ठरविलें तेव्हां त्यानें ह्याच मॅकेंझीस बोलाविलें. 1933 सालीं तें मैदान उघडलें. वाळूचे अडथळे अगदीं थोडे, वाटा रुंद, चढउतार मूळचेच. म्हणजे जुन्या स्कॉटिश मैदानाचाच आदर्श. 1934 च्या आरंभीं मॅकेंझी वारला.

पुढें काय झालें? 1956 सालीं ऑगस्टा येथील वार्षिक सामने दूरचित्रवाणीवर दिसूं लागले, आणि 1966 पासून ते रंगांत दिसूं लागले. एप्रिल महिन्याचा एक आठवडा; भोंवतालीं अझेलियाचा बहर; आणि मधोमध एकहि पिवळें पान नसलेला हिरवा गालिचा. घराघरांत बसलेल्या लक्षावधि प्रेक्षकांनीं तो पाहिला, आणि गोल्फचें मैदान म्हणजे असेंच असावयाचें, ही समजूत रूढ झाली. हें मैदान भर उन्हाळ्यांत कित्येक महिने बंदच असतें, दरसालच्या हिवाळ्यासाठीं त्यावर मुद्दाम निराळें गवत पेरावें लागतें, आणि त्याच्यामागें अमाप द्रव्य उभें असतें, ह्या गोष्टी चित्रांत दिसत नव्हत्या. लग्नघर एका दिवसापुरतें सजवितात. पण तें पाहून शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं आपापलीं घरें वर्षभर तशींच ठेवावयाचें मनावर घेतलें तर जें होईल तेंच झालें. गांवोगांवचे सभासद आपल्या राखणदारास विचारूं लागले कीं, आपलें मैदान ऑगस्टासारखें कां दिसत नाहीं? ह्या विकारास त्या धंद्यांतील लोकांनींच पुढें ‘ऑगस्टाचा रोग’ असें नांव दिलें.

रोगाचीं लक्षणें लवकरच दिसूं लागलीं. फार पाणी घातल्यानें मुळें वरच्यावर राहिलीं; दुबळ्या गवतास बुरशी लागली; बुरशीस औषध आलें; औषधानें मातींतील उपकारक जीव मेले; आणि गवत अधिकच दुबळें होऊन आणखी पाणी मागूं लागलें. विषाचा परिणाम गवतापुरता राहिला नाहीं. 1984 सालीं न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंडवरील एका मैदानावर डायझिनॉन नांवाचें कीटकनाशक फवारल्यानंतर तेथें चरावयास उतरलेले ब्रँट जातीचे समुद्रहंस शेंकड्यांनीं मरून पडले. चार वर्षांनीं, 1988 सालीं, अमेरिकन सरकारनें गोल्फच्या मैदानांवर तें औषध वापरण्यास बंदी केली. इकडे आशियांत जपान, थायलंड, मलाया वगैरे देशांत जंगलें व भातखाचरें मोडून मैदानें होऊं लागलीं, तेव्हां लोक संतापले, आणि 1993 सालीं गोल्फविरोधी अशी एक जागतिक चळवळच उभी राहिली. एका खेळाविरुद्ध जगभर चळवळ व्हावी हा प्रकार विरळाच.

आतां दुसऱ्या शिष्याची हकीकत. डोनल्ड रॉस हा स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डॉर्नोक गांवचा. टॉम मॉरिसच्या हाताखालीं सेंट अँड्र्यूज येथें उमेदवारी करून तो 1899 सालीं अमेरिकेंत गेला, आणि नॉर्थ कॅरोलायनांतील पाइनहर्स्ट येथें त्यानें आयुष्य घालविलें. तेथील माळरान देवदारांचें व वाळूचें. त्यावर 1907 सालीं त्यानें जें दुसऱ्या क्रमांकाचें मैदान पुरें केलें त्याच्या खळग्यांभोंवतीं 1935 पर्यंत गवत नव्हतेंच, वाळूच होती. दोन्ही बाजूंस उघडी वाळू, तींत तारेसारखें उभें राहणारें रानगवत, आणि मधून जाणारी हिरवी वाट, असें त्याचें रूप होतें. 1948 सालीं रॉस वारल्यानंतर काळाच्या ओघांत हें मैदानहि या टोंकापासून त्या टोंकापर्यंत हिरवें करण्यांत आलें. वाळू व रानगवत नाहींसें झालें.

2010 सालीं त्याच्या मालकांनीं एक धाडस केलें. बिल कूर व बेन क्रेनशॉ ह्या दोघां आखणीकारांस बोलावून, रॉसच्या वेळचें मैदान पुन्हां उघडें करा, असें त्यांस सांगितलें. त्यांनीं 1943 सालीं विमानांतून घेतलेलीं छायाचित्रें पुढें ठेवलीं आणि सुमारें 35 एकरांवरील लावलेलें गवत उपटून टाकलें. पाणी उडविणारीं 1,150 तोंडें होतीं, त्यांपैकीं सुमारें 450 च ठेविलीं. रानगवताचीं रोपें हजारोंनीं पुन्हां लाविलीं. पाण्याचा व खताचा खर्च झपाट्यानें उतरला. 2014 सालीं अमेरिकेचे पुरुषांचे व स्त्रियांचे राष्ट्रीय सामने लागोपाठच्या दोन आठवड्यांत ह्याच मैदानावर झाले. दूरचित्रवाणीवर तें करपट, विटकरी मैदान पाहून पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. पण मार्टिन काइमर व मिशेल वी हे विजेते ज्या कौशल्यानें खेळले त्यांत काडीचेंहि उणें पडलें नाहीं. हिरवेपणा ही पाहणाराची हौस होती. खेळास तिची गरज नव्हती, एवढें त्या दोन आठवड्यांनीं सिद्ध केलें.

नवें मैदान करतांनाहि हाच विवेक लागतो. स्कॉटलंडमध्येंच त्याचीं दोन उलटसुलट उदाहरणें थोड्या वर्षांच्या अंतरानें घडलीं. पश्चिमेकडील किंटायर येथें माक्रिहॅनिश ड्यून्स हें मैदान 2009 सालीं सुरू झालें. ती जागा शास्त्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित होती. तेव्हां आखणीकारानें टेकड्यांस हात न लावतां त्यांच्यामधून वाट काढली. 259 एकरांपैकीं केवळ सातेक एकर जमीन उकरली गेली. दुर्मिळ ऑर्किडांच्या जागा सोडून दिल्या, आणि गवत राखण्यास पुन्हां मेंढ्याच आणल्या. पूर्वकिनाऱ्यावर अॅबर्डीननजीक मेनी येथें डोनल्ड ट्रंप ह्यांनीं जें मैदान केलें त्याची कथा उलट आहे. तेथील वाळूच्या टेकड्या वाऱ्याबरोबर सरकणाऱ्या होत्या, आणि त्यांचें सरकणें हेंच त्यांचें शास्त्रीय महत्त्व होतें. 2008 सालीं सरकारनें परवानगी दिली, टेकड्या गवतानें बांधून टाकण्यांत आल्या, 2012 सालीं मैदान उघडलें. आणि 2020 सालीं, आतां येथें राखण्याजोगें विशेष उरलें नाहीं, असें ठरवून सरकारी निसर्गसंस्थेनें त्या भागाचें संरक्षित पद काढून घेतलें. दोन्ही मैदानें देखणीं आहेत. पण एकानें भूमीस विचारून वाट काढली, आणि दुसऱ्यानें भूमीस उभें राहावयास शिकविलें.

गोल्फच्या बाजूनें बोलावयाचें तेंहि प्रामाणिकपणें बोललें पाहिजे. शहरांनीं वेढलेल्या कित्येक ठिकाणीं पाखरांस व फुलपाखरांस उरलेली मोकळी जागा म्हणजे गोल्फचें मैदानच असतें. अमेरिकेंतील मैदानरक्षकांच्या संघानें केलेल्या पाहणीप्रमाणें 2005 ते 2020 ह्या काळांत तेथील गोल्फच्या पाण्याचा वापर सुमारें 29 टक्क्यांनीं उतरला. त्यांतला कांहीं भाग मैदानें बंद पडल्यामुळें घटला हें खरें. पण कांहीं भाग गवताची जात बदलून, शिंपण्याचें क्षेत्र आंखडून व मातीचा ओलावा मोजून पाणी दिल्यामुळें वांचला हेंहि खरें. सांडपाणी शुद्ध करून तेंच वापरण्याची चालहि पुष्कळ ठिकाणीं पडली आहे. जें यंत्र व जें शास्त्र पूर्वीं उधळपट्टीस साह्य झालें तेंच आतां काटकसरीस साह्य होत आहे.

तरी पण संकट पुढें आलें म्हणजे खरी परीक्षा होते. 2022 चा उन्हाळा युरोपास असाच कसोटीचा गेला. जुलै महिन्यांत सेंट अँड्र्यूज येथें ‘ओपन’ ह्या सर्वांत जुन्या स्पर्धेचा दीडशेंवा सामना झाला. मैदान टणक झालें होतें, रंग पुष्कळ ठिकाणीं गवताच्या गंजीसारखा होता, आणि कोणी त्याबद्दल खेद केला नाहीं; उलट खरा खेळ पाहावयास मिळाला म्हणून जाणत्यांनीं समाधान मानलें. पुढच्याच महिन्यांत फ्रान्समध्यें शंभराहून अधिक गांवांस पिण्याच्या पाण्याची टंचाई पडली. लोकांनीं आपल्या बागांस पाणी घालूं नये असे हुकूम सुटले. पण गोल्फच्या हिरवळींस रात्रीं, नेहमींच्या तीन दशांशांपर्यंत, पाणी देण्याची सवलत ठेवण्यांत आली. तेव्हां टूलूजजवळच्या मैदानांवर कांहीं लोकांनीं रात्रीं जाऊन खळग्या सिमेंटानें बुजवून टाकल्या. त्या कृत्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु तीन दशांशांची ती सवलत शेजारच्या तहानलेल्या गांवास कशी दिसली असेल ह्याचा विचार गोल्फच्या चाहत्यांनींच अधिक केला पाहिजे. सेंट अँड्र्यूजच्या गांवकऱ्यांनीं 1552 सालीं खेळाचा हक्क मागितला तो गुरचराईच्या हक्काशेजारीं, त्याच्या डोक्यावर नव्हे.

ही गोष्ट आपल्याहि उंबरठ्यावर येऊन गेली आहे. गोव्याच्या उत्तर टोंकास, महाराष्ट्राच्या हद्दीस लागून असलेल्या तेरेखोल गांवीं गोल्फच्या मैदानासह पर्यटकांसाठीं एक विश्रामधाम उभारण्याची योजना निघाली. काजूच्या बागा पिढ्यान् पिढ्या कसणारे ग्रामस्थ कूळ म्हणून आपला हक्क सांगूं लागले, आणि 2014 च्या सुमारास तो वाद रस्त्यावर व न्यायालयांत गेला. तेथील वादाचा मूळ प्रश्न पाण्याच्या तोट्या किती असाव्या हा नव्हता. भूमि कोणाची, हा होता. गवताची जात बदलून व वाळू पसरून ह्या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं. जो खेळ गायरानावर जन्मला त्यानें गायरानें गिळूं नयेत, ही टिकाऊपणाची पहिली अट आहे. पाण्याचा हिशेब त्यानंतरचा. आणि जेथें मैदानें आहेतच, तेथें आमच्या हवामानाचा विचार व्हावा. चार महिने पाऊस व आठ महिने कोरडें, अशा देशांत फाल्गुन-चैत्रांत डोंगर पिवळे पडतात, माळ पिवळे पडतात. मग गोल्फचें मैदानच तेवढें हिरवें दिसावें असा हट्ट कशासाठीं? तेल-वाळूच्या तपकिरी जागांवर खेळणाऱ्या त्या जुन्या मंडळींस जें साधलें तें आजच्या खेळाडूंस न साधण्याचें कारण नाहीं.

आम्ही हें लिहीत असतांना जुनें तें सोनें असें म्हणण्याचा आमचा आशय नाहीं. टॉम मॉरिसची हातगाडी व फावडें घेऊन आज 38 हजार मैदानें राखतां येणार नाहींत, आणि आतां तर ज्या समुद्रानें हीं मैदानें घडविलीं तोच तीं परत मागूं लागला आहे. स्कॉटलंडच्या पूर्वकिनाऱ्यावर माँट्रोज येथें सोळाव्या शतकापासून गोल्फ चालत आला आहे. तेथें तीसेक वर्षांत समुद्र सुमारें 70 मीटर आंत सरकला, असें 2016 सालीं संशोधकांनीं दाखवून दिलें. टेकड्या ढासळल्या, आणि खेळाच्या जागा मागें घ्याव्या लागल्या. सेंट अँड्र्यूज येथेंहि किनाऱ्यावरील टेकड्यांवर गवत लावून त्या पुन्हां उभ्या करण्याचें काम गांवकरी व विश्वस्त मिळून करीत आहेत. म्हणजे राखणदाराचें काम आतां हिरवळीवरून निघून पार समुद्राच्या कडेपर्यंत गेलें आहे. मैदान असेल तसें खेळावें, ह्या जुन्या नियमाचें पालन करण्यासाठीं आज आधीं मैदान असावें लागेल. आणि तें असावें म्हणून खेळणाराने आपल्या पाण्याचा, आपल्या विषांचा व आपल्या हौसेचा हात आंखडता घेतला पाहिजे. साडेपांचशें वर्षांपूर्वीं ह्या खेळावर राजानें बंदी घातली ती निष्फळ झाली, कारण भूमि खेळणाऱ्यांच्या बाजूची होती. ती तशीच त्यांच्या बाजूची राहावी ह्यासाठीं काय करावें लागतें, तें त्यांच्याच इतिहासांत लिहून ठेवलेलें आहे.